फ्लोरीनपेक्षा क्लोरीनचा आकडा मोठा कसा? इलेक्ट्रॉन आसक्तीचा जमाखर्च

आवर्तसारणीवर दोन बाण काढलेलं एक चित्र रसायनशास्त्र शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वहीत असतं. एक बाण डावीकडून उजवीकडे, दुसरा वरून खाली. शेजारी लिहिलेलं असतं: इलेक्ट्रॉन आसक्ती आवर्तात वाढते, गणात कमी होते. हे घोकून पान उलटलं की कोष्टक येतं, आणि सतराव्या गणाच्या पहिल्या दोन ओळींतच बाणाची फजिती होते. फ्लोरीन ३२८, क्लोरीन ३४९. खालच्या मूलद्रव्याचा आकडा वरच्यापेक्षा मोठा.

पुस्तक मग ‘अपवाद’ असा शब्द टाकून पुढे सरकतं. मला मात्र नेहमी वाटत आलंय की या एका अपवादात सगळा विषय दडलेला आहे. तो नीट समजला की बाण वहीतून खोडून टाकला तरी चालतो.

आधी आकडे कशाचे आहेत ते पाहू. वायुरूपातला एकटा अणू घ्या, कुणाशीही बंध नसलेला. त्याच्याकडे बाहेरून एक इलेक्ट्रॉन आला, आत सामावला आणि ऋण आयन तयार झाला, तर थोडी ऊर्जा बाहेर पडते. ही ऊर्जा म्हणजे इलेक्ट्रॉन आसक्ती. वर्गात बहुतेक जण ‘इलेक्ट्रॉन अफिनिटी’च म्हणतात. वरचे आकडे किलोज्यूल प्रति मोलमधले आहेत आणि या लेखात पुढेही तेच एकक आहे. काही पुस्तकं हीच गोष्ट ‘इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी’ म्हणून देतात. तिथे ऊर्जा बाहेर पडते म्हणून आकड्यामागे उणे चिन्ह लागतं: उणे ३२८, उणे ३४९. या उण्यापायी भल्याभल्यांचा गोंधळ होतो. उणे ३४९ ही संख्या उणे ३२८ पेक्षा लहान, म्हणून क्लोरीनची ओढ कमी, असं कुणी लिहून आलं की समजावं, चिन्हाने घात केला.

व्याख्या उलट्या बाजूनेही मांडता येते: ऋण आयनातला तो जादा इलेक्ट्रॉन उपटून काढायला किती ऊर्जा लागेल? उत्तर तेच येतं. मला ही दुसरी मांडणी जास्त आवडते, कारण प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजणी अशीच होते. ऋण आयनांचा झोत सोडायचा, त्यावर लेसरचा प्रकाश टाकायचा आणि प्रकाशाची तरंगलांबी हळूहळू कमी करत जायची. एका ठरावीक तरंगलांबीपर्यंत काहीच घडत नाही. ती ओलांडली की इलेक्ट्रॉन सुटू लागतात. तो उंबरठा म्हणजेच आसक्ती.

असं पाहिलं की आकड्यांना चक्क रंग येतो. आयोडीनच्या ऋण आयनातून इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे ४०५ नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळा प्रकाश लागतो. ब्रोमीनला ३६९, फ्लोरीनला ३६५ आणि क्लोरीनला ३४३ नॅनोमीटर. हे तिन्ही डोळ्यांना न दिसणारे अतिनील. तरंगलांबी जितकी कमी तितकी ऊर्जा जास्त, त्यामुळे सगळ्यांत चिवट क्लोरीनच. या गणातला ॲस्टेटीन किरणोत्सारी आहे. त्याचा सर्वांत टिकाऊ समस्थानिकही आठेक तासांत निम्मा होतो. त्याची आसक्ती सर्न या युरोपीय संशोधन केंद्राच्या आयसोल्ड प्रयोगशाळेत मोजली गेली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. उंबरठा निघाला ५१३ नॅनोमीटर, म्हणजे हिरवा प्रकाश, आकड्यात २३३. वरून खाली वाचलं तर ३२८, ३४९, ३२५, २९५, २३३. पहिली पायरी सोडली तर उतार अगदी शिस्तीत आहे.

मग पहिल्या पायरीलाच काय झालं?

बाणामागचा युक्तिवाद असा असतो: गणात खाली जाताना कवचं वाढतात, अणू मोठा होतो. केंद्रकात प्रोटॉन वाढतात खरे, पण आतली कवचं त्यांची ओढ झाकून टाकतात. बाहेरून येणारा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब बसतो, ओढ सैल पडते, ऊर्जा कमी सुटते. यात चुकीचं काही नाही. फक्त हिशेबाची एकच बाजू मांडलेली आहे, जमेची.

खर्चाची बाजू म्हणजे आधीपासून आत बसलेले इलेक्ट्रॉन. नवा इलेक्ट्रॉन आला की केंद्रक त्याला ओढतं आणि जुने रहिवासी त्याला ढकलतात, कारण सगळ्यांचा प्रभार ऋणच. आसक्ती म्हणजे जमेतून खर्च वजा जाता हाती उरलेली शिल्लक. आता ही शिल्लक किती तुटपुंजी असते ते बघा. फ्लोरीनच्या अणूतला स्वतःचा एक इलेक्ट्रॉन काढायला १६८१ किलोज्यूल लागतात. पाहुणा आलेला इलेक्ट्रॉन काढायला ३२८ पुरतात. हायड्रोजनमध्ये तर १३१२ समोर ७३. स्वतःचा इलेक्ट्रॉन काढताना मागे धन आयन उरतो, तो घट्ट धरून ठेवतो. पाहुणा मात्र तटस्थ अणूकडे येतो. तिथे ओढणारे आणि ढकलणारे जवळजवळ तुल्यबळ असतात. दोन मोठ्या, जवळपास सारख्या रकमांची वजाबाकी असली की कुठल्याही बाजूला जरासं इकडेतिकडे झालं तरी शिल्लक पार बदलून जाते. स्वतःचा इलेक्ट्रॉन काढायच्या ऊर्जेत, म्हणजे आयनीकरण ऊर्जेत, फ्लोरीन १६८१ आणि क्लोरीन १२५१, म्हणजे बाण मुकाट पाळला जातो. आसक्तीत तोच बाण का डगमगतो, त्याचं कारण ही बारकी शिल्लक.

आता फ्लोरीनच्या आत डोकावू. त्याची सहसंयुज त्रिज्या सुमारे ६४ पिकोमीटर, क्लोरीनची ९९. दोघांच्याही बाहेरच्या कवचात सात-सात इलेक्ट्रॉन. त्रिज्येच्या घनाने आकारमान काढलं तर क्लोरीनचं घर जवळजवळ पावणेचार पट मोठं येतं. तेवढेच रहिवासी, पण एकाकडे ऐसपैस वाडा आणि दुसऱ्याकडे एक खोली. फ्लोरीनमध्ये आठव्याने आत शिरायचं म्हणजे आधीच्या सातांच्या अंगावर जाऊन बसणं. केंद्रकाची ओढ तिथे क्लोरीनपेक्षा जास्त आहे, यात शंका नाही. पण दाटीचा खर्च त्याहून जास्त वाढतो आणि शिल्लक २१ ने कमी पडते.

पण फ्लोरीनच इतका लहान का? या प्रश्नाशी फारसं कुणी थांबत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. कवचात इलेक्ट्रॉन ज्या जागांमध्ये राहतात त्यांना ऑर्बिटल म्हणतात; एस, पी हे त्यांचे प्रकार. फ्लोरीनचे बाहेरचे बहुतेक इलेक्ट्रॉन दुसऱ्या कवचातल्या पी ऑर्बिटलमध्ये असतात. पी प्रकारचं हे सगळ्यांत पहिलं ऑर्बिटल; पहिल्या कवचात पी नसतंच. त्यामुळे या पीच्या आत आणखी कुठलंही पी नाही, ज्याला टाळून बाहेर राहावं लागेल. ते थेट केंद्रकाजवळ आखडून बसतं. तिसऱ्या कवचातल्या पीला हे सुख नाही. त्याच्या आत दुसऱ्या कवचातलं पी ठाण मांडून असतं, त्याला टाळत बाहेर पसरावं लागतं. म्हणून आकारातली सर्वांत मोठी उडी दुसऱ्या आवर्तातून तिसऱ्यात जाताना पडते. फ्लोरीन ६४, क्लोरीन ९९, ब्रोमीन ११४, आयोडीन १३३. पहिली उडी ३५ ची, पुढच्या १५ आणि १९ च्या. दाटी एकाच पायरीवर एकदम सैल होते. त्यानंतर खर्चात फार बचत होत नाही, ओढ मात्र घटतच राहते, आणि बाण पुन्हा खरा ठरू लागतो.

हे स्पष्टीकरण कानाला गोड लागतं, पण तपासून पाहायला हवं. दाटीच कारणीभूत असेल तर दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. दुसऱ्या आवर्तातल्या इतर गर्दीच्या अणूंचंही असंच व्हायला हवं. आणि गर्दी नसेल तिथे हा प्रकार दिसता कामा नये.

पहिली गोष्ट: ऑक्सिजन १४१, गंधक २००. कार्बन १२२, सिलिकॉन १३४. बोरॉन २७, ॲल्युमिनियम ४२. नायट्रोजनची आसक्ती शून्याच्याही खाली, फॉस्फरसची ७२. फ्लोरीन-क्लोरीनची जोडी धरून पाचही गणांत तिसऱ्या आवर्ताने दुसऱ्याला मागे टाकलं आहे. ‘अपवाद’ पाचपैकी पाच ठिकाणी येत असेल तर त्याला अपवाद म्हणायचं धाडस मला तरी होत नाही.

दुसरी गोष्ट: लिथियम. त्याच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन. कसली गर्दी आणि कसलं काय! आणि तिथे बाण कसा वागतो? लिथियम ६०, सोडियम ५३, पोटॅशियम ४८, रुबिडियम ४७, सीझियम ४५.५. एकही पायरी चुकलेली नाही. वर हायड्रोजन ठेवलात तर ७३, म्हणजे तोही रांगेत बसतो. गणात आसक्ती कमी होते हे वाक्य वरपासून खालपर्यंत जसंच्या तसं लागू पडणारा मुख्य गटांमधला गण हाच. बाण काढणाऱ्याने बहुधा इथूनच सुरुवात केली असावी, असा माझा आपला एक तर्क.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्लोरीनचा आकडा क्लोरीनपेक्षा मोठाच मानला जाई. त्या काळी आसक्ती थेट मोजत नसत. क्षारांच्या ऊर्जांचा ताळेबंद मांडून ती मागाहून काढत. सोडियम फ्लोराइड तयार होताना एकूण किती ऊर्जा सुटते ते माहीत असायचं. त्यातून धातूचं बाष्प करण्याचा, आयन करण्याचा, फ्लोरीनचा रेणू तोडण्याचा, स्फटिक रचण्याचा वाटा वेगळा केला की उरेल ती आसक्ती. अडचण अशी की फ्लोरीनच्या रेणूतल्या बंधाची ताकद इतर हॅलोजनांवरून, म्हणजे सतराव्या गणातल्या बाकीच्या मूलद्रव्यांवरून, अंदाजाने धरली होती आणि ती खऱ्याच्या दीडपटीहूनही जास्त निघाली. ताळेबंदात एक रक्कम फुगली, त्यामुळे शिल्लकही फुगली. बंधाची खरी ताकद १९५० च्या आसपास कळली तेव्हा आसक्तीचा आकडा धाडकन खाली आला आणि क्लोरीन वर गेला.

तो बंध इतका कमजोर का, याचंही कारण दाटीच. दोन फ्लोरीन अणू खूप जवळ येतात आणि त्यांच्या बंधात भाग न घेणाऱ्या इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींना रेटतात. फ्लोरीनचा बंध १५८ किलोज्यूलला तुटतो, क्लोरीनचा २४२ ला.

इथून त्या ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं: आसक्ती क्लोरीनची जास्त, मग सगळ्यांत जहाल फ्लोरीन कसा? पाण्यातला हिशेब मांडून बघू. रेणू तोडून एक अणू मिळवायचा: फ्लोरीनला ७९ खर्च, क्लोरीनला १२१. इलेक्ट्रॉन घ्यायचा: फ्लोरीनला ३२८ जमा, क्लोरीनला ३४९. आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात त्याची जमा: फ्लोराइड आयन चिमुकला, पाणी त्याला घट्ट बिलगतं, सुमारे ५०५, क्लोराइडला सुमारे ३६३. बेरीज-वजाबाकी केली तर फ्लोरीनकडे ७५४ आणि क्लोरीनकडे ५९१. मधल्या रकान्यात फ्लोरीन २१ ने हरला, पण उरलेल्या दोन रकान्यांत मिळून १८४ ने जिंकला. ज्या लहान चणीमुळे त्याची आसक्ती घटते, तीच चण त्याचा बंध कमजोर करते आणि त्याच्या आयनाला पाण्याचा लाडका बनवते. एका हाताने गेलं ते दोन हातांनी परत आलं. जहालपणा आणि आसक्ती हे दोन वेगळे हिशेब आहेत. उत्तरपत्रिकेत सगळ्यांत जास्त गल्लत इथेच होते.

सोळाव्या गणात मुख्य गोष्ट तीच आहे, म्हणून तिथे फार रेंगाळत नाही. गंधक २००, सेलेनियम १९५, टेल्युरियम १९०. तीन आवर्तांत मिळून दहाचा उतार, म्हणजे जवळजवळ सपाटीच. तेराव्या गणात तर धड चढ नाही की उतार नाही: २७, ४२, २९, ३७, ३१.

पंधरावा गण मात्र बाणाला सरळसरळ पाठ दाखवतो. नायट्रोजन शून्याच्या खाली, फॉस्फरस ७२, आर्सेनिक ७८, अँटिमनी १०१, आणि शेवटी बिस्मथ ९१. खाली जावं तशी आसक्ती जवळजवळ शेवटपर्यंत वाढतच जाते! या गणात बाहेरच्या तीन पी ऑर्बिटलमध्ये एकेक इलेक्ट्रॉन एकेकट्याने नांदत असतो. चौथा येतो त्याला कुणाच्या तरी जोडीला, त्याच ऑर्बिटलमध्ये शिरावं लागतं. या जोडीचा दंड लहानशा नायट्रोजनमध्ये इतका जबर असतो की शिल्लकच उरत नाही आणि पाहुणा टिकत नाही. अणू मोठा होत जातो तसा दंड हलका होतो. ओढही घटते, पण दंड तिच्यापेक्षा वेगाने घटतो.

दुसरा गणही उलटाच चालतो. बेरिलियम आणि मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन ठेवूनच घेत नाहीत. त्यांचं एस उपकवच भरलेलं असतं, त्यामुळे नव्याला वरच्या पातळीवरच्या पीमध्ये जावं लागतं. या गणातलं कुणीच स्थिर ऋण आयन देणार नाही अशी समजूत बरीच वर्षं होती. १९८७ मध्ये कॅल्शियमचा ऋण आयन स्थिर असल्याचं प्रयोगात दिसलं. आकडा जेमतेम २.४, पण शून्याच्या वर. स्ट्रॉन्शियमचा ५, बेरियमचा १४. अठरावा गण सांगायलाच नको, तिथे कुणी दारही उघडत नाही.

राहिले सारणीच्या तळाकडचे जड अणू. तिथे ओढ आणि दाटी या दोघांपलीकडचा तिसराच गडी खेळात उतरतो. चौदाव्या गणात सिलिकॉन १३४, जर्मेनियम ११९, कथिल १०७, असा बरा उतार चाललेला असतो आणि शिशाशी येऊन तो एकदम ३४ वर कोसळतो. केंद्रकात ८२ प्रोटॉन असले की त्याच्याजवळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या तुलनेत नगण्य राहत नाही आणि सापेक्षतेचे परिणाम दिसू लागतात. शिशातली तीन पी ऑर्बिटलं एका पातळीवर राहत नाहीत. त्यांच्यात फूट पडते. एक खाली सरकतं, दोन वर राहतात. शिशाचे दोन पी इलेक्ट्रॉन खालच्यात बसले की ते भरतं, आणि पाहुण्याला वरच्या, महागड्या जागेवर जावं लागतं.

त्याच सापेक्षतेने सोन्याचं मात्र भाग्य उजळलं. अकराव्या गणात तांबं ११९, चांदी १२६, आणि सोनं थेट २२३. सोन्याचं बाहेरचं एस ऑर्बिटल आखडून केंद्रकाकडे ओढलं जातं. त्यात एकच इलेक्ट्रॉन असतो, एकाची जागा रिकामी, आणि ती जागा चांगलीच मोक्याची. २२३ म्हणजे धातू असूनही गंधकाच्या पुढे आणि ॲस्टेटीनच्या उंबऱ्यापर्यंत.

हा आकडा कागदावरच राहत नाही. सीझियम हा इलेक्ट्रॉन अगदी सहज सोडणारा धातू. त्याची आणि सोन्याची गाठ घालून दिली तर दोन धातूंचा चकचकीत मिश्रधातू मिळत नाही. मिळतं सीझियम ऑराइड: पिवळसर, स्फटिकरूप, धातूसारखी वीज न वाहणारं. त्याची रचना सीझियम क्लोराइडसारखीच, फक्त क्लोराइड आयनाच्या जागी ऋण प्रभाराचं सोनं बसलेलं. थोडक्यात, दोन धातू मिळून तयार झालेलं मीठ.